काठावरची कोवळी पानं

"पाळत तीन ठिकाणी ठेवायची," भोपू म्हणाला आणि काडीनं धुळीत नकाशा काढू लागला. "ही नदी. हे कुरण. हा मेंढीकाकूंचा गोठा. ताई पुलावर बसेल, मी कुंपणापाशी आणि मुंगी गोठ्यात."

"आणि पकडायचं कोणाला?" ताईनं विचारलं.

"जो कोकरं मारतोय त्याला."

"तो काय पाटी गळ्यात अडकवून येणार आहे?"

भोपूनं काडी मोडली. तो बोलायला लागला की पलीकडच्या काठावरची माणसं मान वर करून बघत, म्हणून तर त्याचं नाव भोपू पडलं होतं. गुप्त बेत आखायला याच्याइतका निरुपयोगी मुलगा शोधून सापडला नसता, पण बेत आखायचा मान नेहमी त्यालाच हवा असे.

सुट्टी लागून आठ दिवस झाले होते. ताई आणि मुंगी या दोघी बहिणी दरवर्षीसारख्या मामाकडे आल्या होत्या. मामा नदीकाठच्या लोकरीच्या कारखान्यात निवडखात्याचा मुकादम, आणि भोपू हा त्याचा एकुलता एक मुलगा. कारखान्याच्या मागे नदी, नदीलगत कुरण आणि कुरणात मेंढीकाकूंच्या चौदा मेंढ्या. सुट्टीतला एककलमी कार्यक्रम म्हणजे दिवसभर कोकरांमागे धावायचं आणि संध्याकाळी मामीची बोलणी खायची.

यंदा धावायला कोणाचे पाय उचलत नव्हते. पुराचं पाणी ओसरून काठ उघडा पडला आणि त्यानंतरच्या एका आठवड्यात तीन कोकरं गेली. सकाळी उड्या मारणारं कोकरू संध्याकाळी लटपटायला लागे, मान मागे टाके, पाय झाडे आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या हाताला थंड लागे. पशुवैद्य डॉक्टर आले तेव्हा त्यांना आणखी चार ठिकाणी जायचं होतं. तिसऱ्या कोकराच्या पोटातला चारा त्यांनी बरणीत भरून घेतला, "विषबाधा दिसते" एवढं म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून गेले.

त्या एका शब्दानं सगळी वस्ती माळीबाबांकडे बघू लागली.

माळीबाबा बागखात्याचे नोकर. नदीचा काठ खचू नये म्हणून खात्यानं लावलेली सहाशे रोपं ते सांभाळत आणि काठावरच्या पत्र्याच्या खोलीत एकटे राहत. मेंढ्या रोपांचे शेंडे खात, त्यावरून त्यांचं आणि काकूंचं रोज वाजत असे. महिन्याभरापूर्वी तर ते भर रस्त्यात ओरडले होते, "एक दिवस सगळ्या मेंढरांना कायमचं झोपवीन." रागाच्या भरात माणूस वाटेल ते बोलतो. पण दुसऱ्याचं चांगलं बोलणं विसरणाऱ्या लोकांना हे मात्र शब्दन्‌शब्द आठवत होतं. आता बागखात्याच्या साहेबबाई सोमवारी येणार होत्या. माळीबाबांना काढायचं ठरलं, तर नोकरीबरोबर डोक्यावरचा पत्राही जाणार होता.

"माळीबाबा असं करणारच नाहीत," मुंगी म्हणाली. "वाटेत वारूळ आलं तर ते पाण्याची नळी फिरवून घेतात. मी पाहिलंय."

मुंगी दहा वर्षांची. मान खाली घालून चालायची आणि जमिनीवर जे दिसेल ते उचलायची: पिसं, बिया, गुंड्या, एकदा तर कोणाचा तरी पडलेला दातसुद्धा. तिला गोठ्यात बसवलं म्हणून ती नाराज नव्हती, कारण गोठ्यात टोपी होता.

टोपी म्हणजे डोक्यावर काळा ठिपका असलेलं महिन्याभराचं कोकरू. दगडावरून घसरून त्याचा पुढचा पाय मुरगळला होता, म्हणून काकूंनी त्याला बाहेर सोडलं नव्हतं. गुरुवारी सकाळी मुंगी त्याच्याशेजारी बसली असताना दारात माळीबाबा आले. त्यांच्या हातात लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्या आणि जुन्या धोतराची चिंधी होती. काकूंनी त्यांना ये म्हटलं नाही, पण जाही म्हटलं नाही. बाबांनी टोपीचा पाय मांडीवर घेतला, पट्ट्या लावल्या, चिंधी गुंडाळली आणि आले तसे निघून गेले.

"दोन दिवस झाले, तोंडात काही घेत नाही बघ," काकू म्हणाल्या. "आईचं दूध आटलंय आणि वाळका चारा याला नको. तू बस जरा, मी बाकीच्यांना वर टेकाडाकडे घेऊन जाते."

काकू गेल्या. टोपी ओरडत राहिला. मुंगीनं त्याच्यापुढे गवत धरलं, त्यानं तोंड फिरवलं. मग ती उठली आणि काठावर गेली. पुरानं आणून टाकलेल्या गाळातून कोवळे कोंब वर आले होते. प्रत्येकाला दोनच पानं, बोटाएवढी लांब, जाडसर, तुकतुकीत. आजारी कोकराला याहून चांगलं काय मिळणार? मुंगीनं फ्रॉकचा ओचा भरून कोंब खुडले. टोपीनं आधी हुंगले, मग एक खाल्ला, मग तिच्या हाताला ढुशी देऊन आणखी मागू लागला. मुंगी पळत जाऊन पुन्हा ओंजळभर घेऊन आली. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला होता, की पाळत ठेवायची आहे हे ती साफ विसरून गेली.

शुक्रवारी सकाळी टोपी मेला.

मुलं पोचली तेव्हा गोठ्यापुढे वीस-पंचवीस माणसं जमली होती. काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि टोपी त्यांच्या पायाशी पोत्यावर होता. पायाची चिंधी अजून तशीच स्वच्छ होती. काकू रडत नव्हत्या. त्यांचा आवाज मात्र ओळखू येत नव्हता.

"आधीची तीन कुरणात चरत होती. काहीतरी खाल्लं असेल म्हणून मी गप्प बसले," त्या म्हणाल्या. "याचे तर पाय कुरणाला लागलेच नाहीत. काल गोठ्यात परका माणूस एकच आला होता."

सगळ्यांच्या माना वळल्या. माळीबाबा गर्दीच्या मागे झारी घेऊन उभे होते.

"मी पाय बांधला, बाई," ते म्हणाले. "दुसरं काही नाही केलं."

"झोपवीन म्हणाला होतास ना? झोपवलंस," कोणीतरी म्हणालं. दुसऱ्या कोणीतरी त्यांच्या हातातली झारी ओढून नदीत फेकली. ती थोडा वेळ तरंगली, मग पाणी भरून आडवी झाली आणि बुडाली. माळीबाबा तिकडे बघत राहिले. ज्या माणसानं ती फेकली होती, त्याच्या दारातल्या झाडालाही बाबाच पाणी घालत.

मुंगी टोपीजवळ बसली आणि रडली. माळीबाबांसाठी आपण काही बोलावं असं तिला वाटत होतं, पण काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी बेत आखायला भोपू पुढे आला नाही. ताईच म्हणाली, "आपलं चुकलं कुठे सांगू? आपण माणसांवर पाळत ठेवली. कोकरांवर ठेवलीच नाही. ती दिवसभर करतात काय, खातात काय, कोणी बघितलंय?"

"गवत खातात," भोपू म्हणाला. "मेंढ्या आणखी काय खाणार? पुस्तकं?"

"तू बघितलंस?"

भोपूनं बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी बघितलं नव्हतं. इतक्या मोठमोठ्या माणसांनी विषाची बाटली शोधली, पुडी शोधली, माळीबाबांची खोली उलटीपालटी केली, पण खाली वाकून कोणी पाहिलं नव्हतं.

काकूंची परवानगी घेऊन तिघं एका कोकराच्या मागे निघाली. ते आधी आईजवळ घुटमळलं, मग दोनदा शिंकलं, मग उतारावरून थेट काठाकडे गेलं. काठाच्या वरच्या अंगाला गेल्या वर्षीची वाळलेली उंच झुडपं उभी होती. त्यांच्याखाली गवताची काडी नव्हती, बाबांची काही रोपंही त्या गर्दीत गुदमरून वाळली होती. दबा धरायला जागा झकास म्हणून भोपू त्या झुडपात बसला आणि तेवढ्याच वेगानं उठला. त्याच्या चड्डीला मागून काटेरी बोंडं चिकटली होती. बोरापेक्षा लहान, तपकिरी, अंगभर आकडे असलेली.

"काढ ना," तो कळवळून म्हणाला.

"हळू बोल. कोकरू पळेल," ताई एकेक बोंड उपटत म्हणाली. "पंचवीस, सव्वीस. तुला बसायला अख्ख्या काठावर हीच जागा मिळाली?"

इतक्यात कोकरू गाळात उतरलं आणि त्यानं कोवळ्या कोंबाला तोंड लावलं. भोपूनं धावत जाऊन त्याला उचललं. ताईनं त्याच्या तोंडातलं अर्धं पान ओढून काढलं. लांबट, जाडसर, तुकतुकीत.

"हे काय आहे? गवत तर नाही."

मुंगी गुडघ्यावर बसली होती. तिनं कोंब खुडला नाही, त्याच्या भोवतीचा गाळ बोटांनी उकरला आणि मुळासकट अलगद वर काढला. बोटभर खोल, पांढऱ्या देठाच्या टोकाला काहीतरी लटकत होतं. तिनं ते नदीत धुतलं. तपकिरी काटेरी बोंड. भोपूच्या चड्डीला चिकटली होती तसंच.

"म्हणजे हे याचं पिल्लू," भोपू म्हणाला. "पण पानं अजिबात तशी नाहीत. ती वाळलेली बघ, कशी रुंद आणि खरबरीत."

"मोठं झाल्यावर बदलत असतील. म्हणून कोणी ओळखलं नाही," ताई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "भोपू, कदाचित माळीबाबा सुटले. चल, डॉक्टरांकडे."

मुंगी उठली नाही. तिच्या तळहातावर तो कोंब होता आणि तिला टोपीची ढुशी आठवत होती.

"तुला काय झालं गं?" ताईनं विचारलं.

"काही नाही," मुंगी म्हणाली. आयुष्यात ताईशी ती इतकं मोठं खोटं कधी बोलली नव्हती.

डॉक्टरांनी आधी घड्याळ पाहिलं, मग कोंब पाहिला, मग खुर्ची ओढून खाली बसले. फडताळातून त्यांनी जाडजूड पुस्तक काढलं आणि तिसऱ्या कोकराची बरणीही काढली. बरणीतला चारा बशीत ओतून चिमट्यानं पसरला. त्यात तीच पानं होती, चावलेली पण ओळखू येण्यासारखी.

"हे मला पहिल्याच दिवशी करायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "या झाडाला ठिकठिकाणी वेगळी नावं आहेत. काही लोक लांडगा म्हणतात. मोठं झालं की जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. विष खरं असतं ते बियांत आणि या पहिल्या दोन पानांत. लहान कोकराला थोडीसुद्धा पुरतात. आणि हे बघा." भोपूच्या चड्डीवरून काढलेलं एक बोंड त्यांनी सुरीनं उभं चिरलं. आत दोन बिया होत्या, एक मोठी आणि एक तिच्याहून जराशी लहान. "एक या वर्षी उगवते. दुसरी बहुतेक वेळा थांबते आणि पुढे कधीतरी उगवते. म्हणून एकदा उपटून हे संपत नाही. पूर आला की बोंडं तरंगत खालच्या गावांना जातात, जिथे अडकतात तिथलं गवत मारतात. आणि हे झाड इथलं नाही. मी या नदीवर पंधरा वर्षं फिरतोय, पूर्वी कधी पाहिलं नव्हतं."

"म्हणजे माळीबाबांनी काही केलं नाही," भोपू म्हणाला. दवाखान्यातलं मांजर दचकून उठलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तीन कोकरांचं कोडं सुटलं, पोरांनो. शाबास. पण चौथं? ते काठावर गेलंच नव्हतं. सोमवारी साहेबबाई पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

मुंगी बरणीकडे बघत होती. उत्तर तिच्याकडे होतं.

"आणि इथलं नाही, तर आलं कुठून?" ताई म्हणाली. तिनं मुंगीच्या हातातलं बोंड उजेडात धरलं. आकड्यांत तांबूस, राठ केसांचा एक पुंजका अडकलेला होता. "काकूंच्या मेंढ्या तर पांढऱ्या आहेत."

"बाबांना विचारू," भोपू अभिमानानं म्हणाला. "माझ्या बाबांना लोकर नुसती चोळून कळते, कुठली ते."

शनिवारी कारखाना अर्धा दिवस चाले. निवडखात्यात शेवटचे गठ्ठे फुटत होते. लांबच लांब जाळीच्या टेबलांवर लोकरीचे पुंजके पसरलेले, दोन्ही बाजूंनी बायका उभ्या. त्यांची बोटं लोकरीत शिरत, बोंड, काडी, वाळकी लेंडी असं काही लागलं की खुडून मागच्या पोत्यात टाकत. धूळ जाळीतून खाली गळत होती आणि सगळीकडे मेंढीच्या अंगाचा तेलकट वास होता. भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: निवडीचा कचरा भट्टीतच जाळावा.

मामानं पुंजका घेतला, अंगठ्यानं चोळला आणि लगेच म्हणाला, "ही आगबोटीनं येते. लांबची. गालिच्यांना वापरतात. फार कचरा असतो हिच्यात." मग त्यानं विचारलं, "कुठे मिळाली?"

"काठावर," भोपू म्हणाला. "माळीबाबांच्या रोपांजवळ. या काट्याला चिकटली होती, बाबा. हा काटा उगवतो आणि त्याच्या पानांनी कोकरं मरतात."

मामानं पुंजका खिशात ठेवला, मग बाहेर काढला, मग टेबलाच्या कडेवर ठेवला. टेबलाजवळच्या बायकांची बोटं थांबली. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सगळ्या पुन्हा मान खाली घालून खुडू लागल्या. भोपू आधी त्यांच्याकडे आणि मग वडिलांकडे बघत होता.

"बाबा?"

"चला, घरी जाऊन बोलू," मामा म्हणाला.

घरच्या मागच्या पायरीवर बसून त्यानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी काठ खचला, रोपं लावली आणि ती एकामागून एक वाळू लागली. लोकर ओल धरून ठेवते हे त्याला ठाऊक होतं. निवडीच्या कचऱ्यात लोकरीचे तुकडे पुष्कळ, आणि ते भट्टीत जळताना त्याच्या जिवावर येई. "जन्मभर लोकरीवर पोट भरलं, ती डोळ्यांदेखत जाळायची? म्हणून मी पोती माळीबाबांकडे पाठवली. बुंध्याशी पसरा म्हटलं. रोपं जगली रे. सहाशेतली साडेपाचशे जगली. काटे कुजून जातील असं वाटलं. साहेबांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते."

"कोणाला माहीत आहे हे?" भोपूनं विचारलं. त्याचा आवाज शेजारी बसलेल्या ताईलाही नीट ऐकू आला नाही.

"निवडीच्या बायकांना आहे, पण त्या बोलणार नाहीत. माळीबाबांनाही आहे, आणि तेसुद्धा बोलणार नाहीत. माझं नाव येईल म्हणून."

भोपू उठून आत गेला. ताई त्याच्यामागे गेली. पायरीवर मामा आणि मुंगी उरले. मुंगी बोटांनी पायरीजवळची माती उकरत होती.

"मामा, टोपीला मी ती पानं घातली," ती म्हणाली. "गुरुवारी. दोनदा आणली. कोणाला माहीत नाही."

मामानं तिच्याकडे पाहिलं. मोठी माणसं अशा वेळी जे बोलतात ते बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. तुझी काही चूक नाही, असं तिला सांगणं सोपं होतं. पण तेच त्याला स्वतःला सांगता येत नव्हतं. त्यानं तिचा मातीनं भरलेला हात आपल्या हातात घेतला.

"मला भीती वाटते," मुंगी म्हणाली.

"मलाही वाटते," मामा म्हणाला.

"सोमवारी तू सांगशील?"

"खरं सांगू? अजून माझं मलाच माहीत नाही. भोपूच्या डोळ्यांपुढे उभं राहायचं आहे मला."

मुंगी मामाच्या खांद्याला डोकं टेकून रडली.

सोमवारी कारखान्याच्या आवारात टेबल मांडलं होतं. साहेबबाईंपुढे फाईल होती आणि वस्तीतली निम्मी माणसं भोवती उभी होती. माळीबाबा आपली लोखंडी पेटी घेऊनच आले होते. काय निकाल लागणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. काकू पलीकडच्या टोकाला एकट्या बसल्या होत्या.

डॉक्टरांनी कोंब, बोंड आणि बशी मांडली. आपण पहिल्या दिवशी चारा तपासला नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मग म्हणाले, "हे शोधलं या तीन पोरांनी. आम्हा मोठ्यांना जे जमलं नाही ते यांनी खाली वाकून केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोपूनं मान वर केली नाही.

"हे बी इथे आलं कसं?" साहेबबाईंनी विचारलं.

माळीबाबा घाईघाईनं म्हणाले, "पुरानं येतं हो कुठून कुठून."

"पुरानं नाही," मामा म्हणाला आणि पुढे आला. त्यानं तीन वर्षांतली सगळी पोती सांगितली, भिंतीवरची पाटी सांगितली आणि ती आपण रोज वाचत होतो हेही सांगितलं. "माळीबाबांना मीच भरीला पाडलं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला." कारखान्याचे साहेब मागे उभे होते, त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. पण मामा त्यांच्याकडे बघत नव्हता, तो भोपूकडे बघत होता. भोपू गर्दीतून वाट काढत आला आणि वडिलांच्या शेजारी उभा राहिला.

साहेबबाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळं पटलं. पण चौथं कोकरू गोठ्यात होतं. तिथे ही पानं चालत गेली नाहीत. माळीबाबांवरचा आरोप त्याच कोकरावरून आहे."

माळीबाबांनी पेटीच्या कडीला हात घातला.

"मी नेली," मुंगी म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही. तिनं टेबलाजवळ जाऊन पुन्हा सांगितलं. "टोपी काही खात नव्हता. मी काठावरून पानं आणली आणि त्याला घातली. मला माहीत नव्हतं. शनिवारी कळलं, पण मी बोलले नाही. बाबांनी फक्त त्याचा पाय बांधला."

ताईनं तोंडावर हात धरला. मघाशी टाळ्या वाजवणारे हात आता कुठे ठेवावेत ते लोकांना कळेना. मुंगी वळली आणि काकूंसमोर जाऊन उभी राहिली. पळून जावंसं तिला फार वाटत होतं, पण ती उभी राहिली.

काकूंनी मान वर केली.

"किती खाल्ली त्यानं?"

"सगळी. मग मी आणखी आणली."

"आवडीनं खाल्ली?"

"हो."

काकूंच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी पाणी आलं. त्यांनी ते पदरानं पुसलं नाही. "दोन दिवसांचा उपाशी होता," त्या म्हणाल्या. मग उठून माळीबाबांकडे गेल्या आणि त्यांच्या हातातली पेटी काढून जमिनीवर ठेवली. "बाबा, तुम्हाला नाही नाही ते बोलले मी. जाऊ नका."

माळीबाबा पेटीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

साहेबबाईंनी फाईल बंद केली. माळीबाबा राहणार, पण काठ साफ व्हायला तीन वर्षं तरी लागणार, फुलं यायच्या आत एकेक कोंब उपटावा लागणार आणि खालच्या गावांनाही कळवावं लागणार, असं त्यांनी सांगितलं. जाताना त्या मुंगीपाशी थांबल्या. "आज तू बोलली नसतीस, तर मी एका निरपराध माणसाला घराबाहेर काढलं असतं," त्या म्हणाल्या. "असं धैर्य मी माझ्या कचेरीत फारसं पाहिलेलं नाही." मुंगीला ते ऐकून बरं वाटलं नाही. टोपी नव्हता, आणि त्याचं कोणी काही करू शकत नव्हतं. मामाचं मुकादमपद त्याच संध्याकाळी गेलं. उद्यापासून तो जाळीच्या टेबलाशी इतरांबरोबर बोंडं खुडणार होता.

लोक पांगले. मुंगी तिथेच उभी होती. काकू परत तिच्याजवळ आल्या.

"उद्या सकाळी सहाला ये," त्या म्हणाल्या. "मेंढ्यांच्या पुढे चालायचं. माझी नजर आता अधू झालीय, जमिनीवरचं दिसत नाही. तुला दिसतं."

"मी?" मुंगीनं विचारलं. "माझ्यावर सोडता?"

"तुझ्यावरच," काकू म्हणाल्या. "तू आता चुकायची नाहीस."

मंगळवारी सहाला मुंगी काठीबिठी न घेता कुरणात पोचली. खाली काठावर माळीबाबा वाकून कोंब उपटत होते. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत होईल तेवढं करावं म्हणून मामाही आला होता. ताई आणि भोपू पोतं धरून त्यांच्यामागे चालत होते, आणि भोपूचा आवाज पुन्हा पलीकडच्या काठापर्यंत जाऊ लागला होता. मुंगी मान खाली घालून पुढे निघाली. पन्नास पावलांवर तिला पहिला कोंब दिसला. तिनं तो मुळासकट, बोंडासकट उकरून पिशवीत टाकला, आजूबाजूला पुन्हा एकदा पाहिलं आणि मग हात हलवून काकूंना या म्हटलं. काकूंनी मेंढ्या सोडल्या. सगळ्या तिच्यामागून हळूहळू आल्या. टोपीची आई तेवढी मध्येच थांबली, गोठ्याकडे तोंड करून ओरडू लागली. काकूंनी तिला हाकललं नाही. मुंगीही थांबली, आणि ती मेंढी स्वतःहून निघेपर्यंत दोघी तिच्यासाठी उभ्या राहिल्या.